उडीआधीची धाव

१९९६ चा ऑगस्ट आपल्याकडे एकाच नावानं लक्षात राहिला आहे. ३ तारखेला अटलांटात लिएंडर पेसनं टेनिसचं ब्राँझपदक जिंकलं. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं पदक आणलं होतं, त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं आपण वैयक्तिक पदकाची वाट पाहत होतो. ती त्या दिवशी संपली. कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. त्याच दिवशी अटलांटाजवळच्या अथेन्स नावाच्या गावात नायजेरियाच्या फुटबॉल संघानं अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ३-२ असं हरवलं. न्वांक्वो कानू, जे-जे ओकोचा, शेवटच्या मिनिटांत विजयी गोल करणारा इमॅन्युएल अमुनिके ही नावं फुटबॉल पाहणाऱ्या माणसाला आजही पाठ असतात. आफ्रिका खंडाचं ऑलिम्पिक फुटबॉलमधलं ते पहिलं सुवर्ण.

नायजेरियाचं पहिलं सुवर्ण मात्र ते नव्हे. ते आदल्या दिवशी एका बाईनं मिळवलं होतं.

२ ऑगस्टला लांब उडीच्या अंतिम फेरीत पहिल्याच प्रयत्नात चिओमा अजुन्वा ७.१२ मीटरवर वाळूत उतरली. उरलेल्या पाच फेऱ्यांत ते अंतर कोणालाच गाठता आलं नाही. इटलीची फिओना मे ७.०२ वर थांबली, अमेरिकेची जॅकी जॉयनर-कर्सी ७.०० वर. नायजेरियाचा संघ पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेला तोही १९५२ च्या हेलसिंकीलाच, म्हणजे त्या देशाची सुवर्णाची वाटही चव्वेचाळीस वर्षांचीच होती. मुष्टियोद्ध्यांनी आणि रिले संघांनी रौप्य-ब्राँझ आणलं होतं, सुवर्ण कोणी आणलं नव्हतं. तिनं आणलं. त्यानंतर आजपर्यंत दुसऱ्या कोणत्याही नायजेरियन खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण जिंकता आलेलं नाही. तरीही तिच्या पराक्रमाला एकटीनं मिरवायला जेमतेम एक दिवस मिळाला. दुसऱ्या दिवशी अकरा पुरुष जिंकले आणि ती आनंदाच्या बातमीतली दुसरी ओळ झाली.

त्या दुसऱ्या ओळीतल्या बाईचं हे पुस्तक आहे. तिचं काम उडी एवढंच असतं तर पुस्तकाची गरज पडली नसती. क्रीडाज्ञानकोशातली एक नोंद पुरली असती. पण अजुन्वा लांब उडीची विजेती होती तशीच धावपटू होती आणि फुटबॉलपटूही होती. १९९१ मध्ये महिलांची पहिली फुटबॉल विश्वचषक स्पर्धा चीनमध्ये झाली, तेव्हा ती नायजेरियाच्या चमूत होती. एप्रिल १९९२ मध्ये लागोसला ती शंभर मीटर १०.८४ सेकंदांत धावली. विश्वचषकाचा चमू, शंभर मीटरची अशी वेळ आणि ऑलिम्पिक सुवर्ण, हे तिन्ही एकाच व्यक्तीच्या नावावर असणं जगाच्या क्रीडा इतिहासात जवळजवळ अघटित आहे.

तिच्याबद्दल जे थोडंफार लिहिलं जातं, त्याचा एक साचा ठरून गेला आहे. फुटबॉलमध्ये तिला बाकावर बसावं लागलं, मग तिनं मैदान बदललं आणि नशीब उघडलं, अशी ती गोष्ट सांगितली जाते. ऐकायला गोड आहे, पण तारखांशी जुळत नाही. आफ्रिकन अजिंक्यपद स्पर्धेत लांब उडीचं सुवर्ण तिनं १९८९ मध्येच, लागोसला, घरच्या प्रेक्षकांसमोर जिंकलं होतं. म्हणजे चीनमध्ये राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेली ही मुलगी आपल्या खंडाची लांब उडीतली विजेती होती. तिनं एक खेळ टाकून दुसरा धरला असं झालंच नाही. वेग हे तिचं एकच धन होतं आणि ते कुठे खर्च करायला मिळेल हे दर वेळी दुसरंच कोणीतरी ठरवत होतं. कधी फुटबॉल संघटना, कधी प्रशिक्षक, कधी ॲथलेटिक्सचं नियामक मंडळ, कधी देशाचं सरकार. मला या पुस्तकात सांगायचं आहे ते एवढंच. बाकीची सगळी प्रकरणं त्याचा तपशील आहेत.

तो तपशील म्बाइसेपासून सुरू होतो. आजच्या इमो राज्यात, ओवेरी आणि उमुआहिया या शहरांच्या मधोमध हा इग्बो लोकांचा दाट वस्तीचा प्रदेश आहे. तेलताडाची झाडं, सुरण आणि कसावाची शेती, एकमेकांना टेकलेली गावं. १९६७ ते १९७० या काळात नायजेरियाचा हा पूर्व भाग बियाफ्रा या नावानं स्वतंत्र व्हायला निघाला आणि संघराज्याच्या सैन्यानं त्याची नाकेबंदी केली. पोट फुगलेल्या, केस तांबूस झालेल्या उपाशी मुलांचे फोटो जगानं तेव्हा पहिल्यांदा पाहिले, ती मुलं याच मुलखातली. ओवेरी शहर तर एकदा सैन्यानं घेतलं, मग बियाफ्रानं परत मिळवलं, मग पुन्हा गमावलं. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रानं शरणागती पत्करली. ना कोणी जिंकलं ना कोणी हरलं, असं सरकारनं जाहीर केलं. पण बँकेत युद्धाआधी कितीही पैसा असो, परत मिळताना खातेदाराच्या हाती वीस पौंड पडले. कापडाचं दुकान असलेला व्यापारीही वीस पौंडांवर आला आणि शाळामास्तरही. चिओमा जन्मली ती या वर्षी. भावंडांत ती धाकटी. वडील लवकर गेले आणि मोठं कुटुंब आईनं ओढलं.

इथे तिच्या नावाविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय तिच्याकडे तिचे लोक कसं पाहतात ते कळणार नाही. ज्यांनी चिनुआ अचेबे वाचले आहेत त्यांना ‘ची’ हा शब्द ओळखीचा असेल. इग्बो समजुतीनुसार प्रत्येक माणसाबरोबर त्याची स्वतःची एक देवता जन्माला येते, ती त्याची ची. तिला दैव म्हणावं तर ती माणसाचं ऐकते, आणि आत्मा म्हणावं तर ती कधीकधी त्याच्याविरुद्धही उभी राहते. माणसानं ठामपणे हो म्हटलं की त्याची चीही हो म्हणते, अशी त्यांच्यात एक म्हण आहे. चिओमा म्हणजे चांगली ची, भली देवता. मराठीत आपण ‘दैव देतं आणि कर्म नेतं’ म्हणतो, त्यात दोघं एकमेकांवर कुरघोडी करत असतात. इग्बो म्हणीत दोघांचा होकार लागतो. तिच्या विजयाला जे चमत्कार म्हणतात त्यांनी निदान ही म्हण तरी आठवावी. आधीचा होकार माणसानं द्यायचा असतो.

तो होकार द्यायला मैदान मात्र लागतं. तेलाचा पैसा येऊ लागला तसा नायजेरियानं सत्तरच्या दशकात खेळावर खर्च सुरू केला. जानेवारी १९७३ मध्ये लागोसच्या सुरुलेरे भागातल्या नव्या राष्ट्रीय स्टेडियमवर दुसऱ्या अखिल आफ्रिकी स्पर्धा भरल्या. त्याच वर्षी देशांतर्गत राष्ट्रीय क्रीडा महोत्सव सुरू झाला. नुकत्याच एकमेकांच्या जिवावर उठलेल्या प्रदेशांतली मुलं एका मैदानावर यावीत हा त्यामागचा उघड हेतू होता. या दोन गोष्टींतून नायजेरियन बायकांच्या खेळाची एक परंपरा उभी राहिली आणि तिच्या तोंडाशी मोदुपे ओशिकोया हे नाव आहे. १९७४ मध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं लांब उडीचं सुवर्ण, पेंटॅथलॉनचं रौप्य आणि शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचं ब्राँझ अशी तीन पदकं एकटीनं मिळवली. अजुन्वा तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. पण तिच्या पिढीतल्या ज्या मुलीला शाळेच्या मैदानावर कोणी ‘तू लांब उडी मारून बघ’ म्हणालं असेल, त्या म्हणण्यामागे ओशिकोया उभी होती. खेळाडू घडतो तो अशा आधी घडून गेलेल्या गोष्टींच्या जोरावर.

पोलीस दल हा त्या व्यवस्थेचा दुसरा खांब. आपल्याकडे रेल्वे आणि पोलिसांनी कबड्डीपटू आणि कुस्तीगीर जगवले, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालमीत विचारलं तर सांगतील. नायजेरियातही गणवेशाची नोकरी ही खेळाडूची भाकरी असते. अजुन्वा नायजेरियाच्या पोलीस दलात होती आणि पुढे अधिकारी म्हणून वर चढत गेली. ऑलिम्पिक विजेतीच्या चरित्रात ही गोष्ट सहसा तळटीप म्हणून येते. माझ्या मते ती मुख्य मजकुरात हवी. महिन्याच्या महिन्याला येणारा पगार ही खेळाडूची सर्वांत मोठी सवलत असते, आणि मैदानाचे दरवाजे बंद होतात तेव्हा तर ती एकमेव सवलत असते.

आता फुटबॉल. या भागावर मी पुस्तकात इतर कुठल्याही भागापेक्षा अधिक पानं घालवली आहेत आणि त्याची मला खंत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला मनाई केली. हा खेळ बायकांच्या शरीराला मानवत नाही, असं कारण दिलं. ती मनाई जवळजवळ पन्नास वर्षं राहिली. नायजेरिया तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. फुटबॉल तिथे मिशनच्या शाळांतून आणि रेल्वेच्या वसाहतींतून आला आणि तो कोणी खेळायचा याच्या कल्पनाही त्याच बोटीतून आल्या. त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांत नायजेरियन मुली चेंडू घेऊन मैदानात उतरल्या त्या कोणाच्या आमंत्रणावरून उतरल्या नाहीत.

१९९१ ची चीनमधली स्पर्धाही आजच्या डोळ्यांनी पाहू नये. आयोजकांनाच या स्पर्धेवर विश्वास नव्हता. तिला विश्वचषक हे नाव द्यायला ते कचरले आणि एका चॉकलेट कंपनीच्या नावाचा चषक म्हणून ती खेळवली गेली. सामने नव्वद मिनिटांऐवजी ऐंशी मिनिटांचे ठेवले, जणू शेवटची दहा मिनिटं बायकांना झेपणार नव्हती. बारा संघ होते, आफ्रिकेतून एकच. नायजेरियाचा गट अवघड होता. पहिल्या सामन्यात जर्मनीनं चार गोल केले, दुसऱ्यात इटलीनं एक, तिसऱ्यात चिनी तैपेईनं दोन. तिसऱ्या सामन्यात सहाव्याच मिनिटाला चिनी तैपेईच्या गोलरक्षकाला लाल कार्ड मिळालं, महिला विश्वचषकाच्या इतिहासातलं ते पहिलं, तरीही नायजेरिया हरली. तीन सामन्यांत नायजेरियाचा गोल एकही नाही. अजुन्वाला या स्पर्धेत मैदानात उतरायला मिळालं नाही.

त्या बाकावर मी पुन्हा पुन्हा परत आलो. फुटबॉलमध्ये बाकावर बसणं म्हणजे नुसतं न खेळणं नव्हे. राखीव खेळाडूला पूर्ण तयारीत राहावं लागतं, सामना चालू असताना बाजूच्या रेषेवर धावून अंग तापवावं लागतं आणि प्रशिक्षकाच्या एका खुणेकडे डोळे लावून बसावं लागतं. संघाला एक गोल होत नाहीये, प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीमागे मोकळी जागा दिसते आहे, आणि त्या जागेत सर्वांत आधी पोहोचू शकेल अशी बाई ट्रॅकसूट घालून बाहेर बसली आहे. कोणाला कधी उतरवायचं याची प्रशिक्षकाची गणितं वेगळी असतात आणि केवळ वेगावर कोणी फुटबॉलपटू होत नाही, हे मला मान्य आहे. तरीही ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्या संघाचा प्रशिक्षक होता हॉलंडचा जो बॉन्फ्रेर. पाच वर्षांनी अटलांटात अर्जेंटिनाला हरवणाऱ्या पुरुष संघाचा प्रशिक्षकही तोच. म्हणजे २ आणि ३ ऑगस्ट १९९६ या लागोपाठच्या दिवसांत नायजेरियाला मिळालेल्या दोन सुवर्णांपैकी पहिलं त्या बाकावरच्या मुलीचं होतं आणि दुसरं त्या बाकापुढे उभ्या असलेल्या माणसाचं. हा धागा मला निकालपत्रकांत सापडला त्या दिवशी हे पुस्तक लिहायचं पक्कं झालं.

धावण्याविषयी. शंभर मीटर १०.८४ सेकंदांत म्हणजे सरासरी सेकंदाला सव्वानऊ मीटर. त्यातही सुरुवात शून्यातून असते, तेव्हा मधल्या टप्प्यातला वेग याहून बराच जास्त. लांब उडीला हाच वेग लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती उडी वाटते, जाणकारांच्या लेखी ती तीस-पस्तीस मीटरची धाव असते आणि तिच्या टोकाला एक नेमकी चूक टाळायची असते. उडीची फळी वीस सेंटिमीटर रुंद. त्या काळी तिच्या पुढच्या कडेला मऊ मातीसारखा लगदा लावलेला असे, त्यावर बुटाचा ठसा उमटला की उडी बाद ठरे. शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब पडतं, त्यानं कंबर खाली येते. शेवटचं पाऊल आखूड पडतं आणि फळीवर पाय टेकतो तो सेकंदाच्या सुमारे आठव्या भागापुरता. तेवढ्यात आडवा वेग न घालवता अंग वर उचलायचं. वेग जितका जास्त तितकी ही वेळ कमी आणि चूक होण्याची भीती मोठी. म्हणून नुसता वेगवान माणूस लांब उडीपटू होत नाही, पण वेगाशिवाय तर कोणीच होत नाही. जेसी ओवेन्सपासून कार्ल लुइसपर्यंत मोठे उडीपटू मोठे धावपटूही होते, ते यामुळेच.

फुटबॉलच्या मैदानावर ही धाव तुकड्या-तुकड्यांनी होते. दहा मीटर झेप, थांबा, वळा, पुन्हा वीस मीटर. पाय दर वेळी वेगळ्या अंतरावर, वेगळ्या मातीवर टेकतो आणि चालू वेगात पावलं जुळवून घ्यावी लागतात, कारण चेंडू ठरलेल्या जागी कधीच येत नाही. फळीकडे धावताना वारा बदलला तर उडीपटूला हेच करावं लागतं. अजुन्वाच्या शरीरात हे दोन खेळ एकमेकांशी काय बोलत होते ते मोजायचं यंत्र नाही, पण ते एकमेकांना परके नव्हते एवढं नक्की. शरीरयष्टीनंही ती या खेळाच्या चित्रात बसणारी नव्हती. मे आणि जॉयनर-कर्सी या उंच, लांब पायांच्या. ही त्यांच्या मानानं ठेंगणी आणि भरलेली. अंतर तिनं वेगानंच भरून काढलं.

मराठी वाचकाला ७.१२ चा अंदाज यावा म्हणून सांगतो. आपल्या अंजू बॉबी जॉर्जनं २००४ मध्ये अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ६.८३ मीटर उडी मारून पाचवा क्रमांक मिळवला, आणि तिच्या त्या राष्ट्रीय विक्रमाकडे आपल्या मुली पुढची अनेक वर्षं मान वर करून पाहत राहिल्या. अजुन्वाची उडी तिच्याही पुढे एकोणतीस सेंटिमीटर.

यापुढची गोष्ट टाळून हे पुस्तक लिहिता आलं असतं. काही जणांनी तसं सुचवलंही. ज्या वर्षी तिनं १०.८४ ची वेळ दिली त्याच १९९२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी ठरवून तिच्यावर चार वर्षांची बंदी घातली गेली. बार्सिलोनाचं ऑलिम्पिक गेलं. नायजेरियाच्या बायकांनी तिथे चार गुणिले शंभर मीटर रिलेचं ब्राँझ मिळवलं, त्यात ती नव्हती. धावपटूची चार वर्षं म्हणजे आयुष्यातला पाव भाग नव्हे, कारकिर्दीचा अर्धा भाग. एकविसाव्या वर्षी बंद झालेला दरवाजा पंचविसाव्या वर्षी उघडला. या काळात जगभरच्या स्पर्धा तिच्याविना झाल्या. शिक्षा पूर्ण भोगून ती परतली ती थेट ऑलिम्पिकच्या उन्हाळ्यात.

मी तिची वकिली करणार नाही आणि तिला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभी करणार नाही. नियम असा आहे की शरीरात काय सापडलं याची जबाबदारी खेळाडूची, ते तिथे कसं आलं हा नंतरचा प्रश्न. हा नियम मला गरजेचा वाटतो. पण त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहायला हवी. टोकियो ऑलिम्पिकमध्ये नायजेरियाच्या दहा ॲथलीटना ऐन वेळी खेळू दिलं गेलं नाही. त्यांच्यात काही सापडलं होतं म्हणून नव्हे, तर स्पर्धेबाहेरच्या ज्या चाचण्या आधी व्हायला हव्या होत्या त्या पुरेशा झाल्याच नव्हत्या म्हणून. व्यवस्था चुकते तेव्हाही नाव खेळाडूचंच जातं. १०.८४ हा आकडा यादीत आहे, बंदीही नोंदीत आहे आणि दोन्ही एकाच वर्षातले आहेत. वाचकानं दोन्ही एकत्र वाचावेत एवढीच माझी अपेक्षा आहे.

ती परतली तो देशही साधा नव्हता. जनरल सानी अबाचाची लष्करी राजवट चालू होती. नोव्हेंबर १९९५ मध्ये लेखक केन सारो-विवा आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी दिल्यावर राष्ट्रकुलानं नायजेरियाचं सदस्यत्व स्थगित केलं. १९९६ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या आफ्रिकी चषकावर अबाचानं बहिष्कार टाकला आणि गतविजेता फुटबॉल संघ घरी बसला. जूनमध्ये, ऑलिम्पिकला दीड महिना उरला असताना, तुरुंगात असलेल्या नेत्याची पत्नी कुदिरत अबिओला यांची लागोसमध्ये दिवसाढवळ्या गोळ्या घालून हत्या झाली. अशा देशाचा झेंडा छातीवर लावून कोणी धावतं तेव्हा तो झेंडा नक्की कोणाचा असतो? ज्यांना त्या उन्हाळ्यात दुसरं काहीच साजरं करण्यासारखं नव्हतं, त्यांचा तो होता असं मला वाटतं.

पहिल्या फेरीतच मोठी उडी मारण्याचे दोन परिणाम होतात. बाकीच्यांवर दडपण येतं हे सगळे सांगतात. दुसरा परिणाम उडी मारणारीवर होतो. पाच फेऱ्या, म्हणजे तास-दीड तास, दर उडीनंतर पाटीवर उमटणाऱ्या आकड्याकडे पाहत राहावं लागतं. १९९५ ची जगज्जेती फिओना मे सात मीटरच्या पलीकडे गेली आणि तरी दहा सेंटिमीटर मागे राहिली. मग जॉयनर-कर्सी. तिच्या मांडीचा स्नायू दुखावला होता, त्यापायी हेप्टॅथलॉन पहिल्याच प्रकारानंतर सोडावी लागली होती. शेवटच्या उडीपर्यंत ती सहावी होती. त्या उडीत ती सात मीटरवर आली आणि ब्राँझ घेऊन गेली. आपल्या शेवटच्या ऑलिम्पिकमध्ये, दुखऱ्या पायानं मारलेली ती उडी मला त्या स्पर्धेतली सर्वांत धाडसी वाटते, सुवर्णाच्या उडीपेक्षाही. अजुन्वाच्या चरित्रकारानं असं म्हणणं विचित्र वाटेल, पण खरं आहे ते लिहायला हवं. ७.१२ तेवढ्यानंही हललं नाही. आणि दुसऱ्या दिवशी, देश फुटबॉलकडे पाहत असताना, अजुन्वा चार गुणिले शंभर मीटर रिलेच्या अंतिम फेरीत धावली. संघ पाचवा आला.

तिच्याविषयी ‘पहिली’ हा शब्द वापरताना जरा जपून राहावं. मैदानी प्रकारात, म्हणजे उडी किंवा फेक यांत, ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी पहिली आफ्रिकन स्त्री असं तिला सर्रास म्हटलं जातं. पण दक्षिण आफ्रिकेच्या एस्थर ब्रँडनं १९५२ मध्ये, पुन्हा त्याच हेलसिंकीत, उंच उडी जिंकली होती. कृष्णवर्णीयांना मैदानाच्या कुंपणाबाहेर ठेवणाऱ्या देशाची ती गोरी खेळाडू. तेव्हा अजुन्वा ही मैदानी प्रकारातली पहिली कृष्णवर्णीय आफ्रिकन विजेती, असं म्हणणं अचूक. धावण्यात मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल १९८४ मध्ये आणि इथिओपियाची देरार्तू तुलू १९९२ मध्ये तिच्या आधी जिंकून गेल्या होत्या. अचूक लिहिल्यानं तिचं काही कमी होत नाही.

पुढचं वर्ष, पॅरिसची जागतिक इनडोअर स्पर्धा, फिओना मे पहिली आणि ही दुसरी. त्यानंतर तो सूर पुन्हा तसा लागला नाही. विक्रम मात्र टिकला. ७.१२ हा आफ्रिकेचा विक्रम राहिला थेट मे २०२१ पर्यंत, जेव्हा नायजेरियाच्याच एसे ब्रुमेनं कॅलिफोर्नियात ७.१७ मीटर उडी मारली. जवळजवळ पंचवीस वर्षं.

पुस्तकाच्या शेवटच्या भागात मी अजुन्वाला सोडून दोन इतर बायकांकडे गेलो आहे. ब्लेसिंग ओकागबारे शाळेत फुटबॉल खेळायची, तिथून ती लांब उडीकडे आणि शंभर मीटरकडे आली. २००८ च्या बीजिंगमधलं तिचं ब्राँझ पुढे रौप्य झालं, कारण रशियन खेळाडू उत्तेजकांमुळे बाद ठरली. शंभर मीटरला तिची वेळ १०.७९ पर्यंत गेली. आणि २०२२ मध्ये तीच ओकागबारे उत्तेजकांपायीच दहा वर्षांच्या बंदीत सापडली. दुसरी दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या. शरीरातल्या नैसर्गिक टेस्टोस्टेरॉनवरून २०१९ मध्ये तिला आठशे मीटरपासून रोखलं गेलं, तेव्हा ती जोहान्सबर्गच्या एका महिला फुटबॉल क्लबात दाखल झाली आणि तेव्हाच्या नियमाच्या कक्षेत न येणारी दोनशे मीटरची शर्यतही तिनं धावून पाहिली. एक फुटबॉलकडून धावमार्गावर आली, दुसरी धावमार्गावरून फुटबॉलकडे गेली. दिशा उलट्या, पण दोघींच्या पायांतला वेग त्यांचा होता आणि दरवाजाची कडी दुसऱ्याच्या हाती होती. अजुन्वाची गोष्ट एकटीची नाही हे मला या दोघींमुळे कळलं.

हे पुस्तक तारखांच्या क्रमानं लिहिलं आहे. त्यामुळे ७.१२ ची उडी वाचायला वाचकाला बरीच पानं थांबावं लागेल. तिच्या आधी युद्ध येईल, आई येईल, सुरुलेरेचं स्टेडियम येईल, चीनमधला बाक येईल आणि बंदीची चार वर्षं येतील. एका मित्रानं हस्तलिखित वाचून उडी पहिल्या पानावर घ्यायला सांगितलं होतं. मी घेतली नाही. पहिल्या पानावर २५ डिसेंबर १९७० आहे. तोफा थांबून अकरा महिने झाले आहेत, म्बाइसेच्या चर्चमध्ये नाताळची प्रार्थना चालू आहे, आणि एका घरात मुलगी जन्माला आली आहे. तिचं नाव काय ठेवायचं, ते तिच्या माणसांनी अजून ठरवायचं आहे.